उजवा दे, म्हाराजा

आमच्या गावचा गांगो उजवा देव म्हणून नावाजलेला. थेट नाटे गावाकडची माणसं वाट वाकडी करून त्याला कौल लावायला यायची, कारण आमचा देव सहसा नको म्हणत नसे. घाटावरच्या वाचकांसाठी जरा उलगडून सांगते. गाभाऱ्यातल्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर गुरव तगरीच्या ओल्या कळ्या चिकटवतो. मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला प्रश्न मोठ्यानं सांगतो. मग सगळे वाट बघत बसतात. उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर थांबायचं. उजवा म्हणजे देवाचा उजवा, आपला नव्हे. आपण समोर असतो, आपलं सगळं उलटं. एवढं ध्यानात ठेवा.

लग्न, विहीर, मुंबईची नोकरी, पावसाळ्यानंतर होड्या पाण्यात लोटणं, सगळं त्या कळीवर चालतं. मी रत्नागिरीत हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त होऊन गावी आले. लोक मला अजून बाईच म्हणतात. आणि विहिरीतला गाळ काढायच्या आधी मीसुद्धा कौल लावला होता. गावात राहायचं तर गावासारखं राहावं लागतं.

तर हा आमचा उजवा देव यंदा शिमग्यापासून एकाएकी डावा झाला.

त्याच्या आधी, माघात, एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. माझ्या शेजारच्या गंगुबाईचा मुलगा स्वरूप मालवाहू जहाजावर असतो. त्यानं चिपळूणकडच्या संस्कृतीशी लग्न करून तिला घरी आणलं. आणि आमच्या बाबू गुरवाला अर्धांगाचा झटका आला. त्याची उजवी बाजू गेली, हात लोंबायला लागला. जरा सावरल्यावर तो काठी टेकत पुन्हा गाभाऱ्यात जाऊन बसला, कारण देवाला हात लावायचा मान त्याच्या घराचा. त्याला मूलबाळ नाही आणि पुतण्या अजिंक्य रत्नागिरीत मोबाइलच्या दुकानात कामाला. मग बाबूनं डाव्या हातानं पूजा सुरू केली. बिचारा आजारी, त्याला कोण बोलणार?

शिमग्यात पालखीचा मार्ग विचारला, डावा कौल. वरच्या वाडीतल्या मुलीची सोयरीक विचारली, डावा. नारळी पौर्णिमा झाली, होड्या लोटायचं विचारलं, डावा. पुढच्या सोमवारी पुन्हा विचारलं, पुन्हा डावा. आमच्या होड्या झावळ्या पांघरून किनाऱ्यावर पडून राहिल्या आणि पहाटे खाडीच्या तोंडाशी दुसऱ्या गावांच्या होड्यांची इंजिनं वाजायला लागली. तो आवाज ऐकत आमचे तांडेल, म्हणजे होड्या चालवणारे, दारात नुसते बसून राहायचे. देव रागावला की गाव आधी घाबरतं आणि मग कारण शोधायला निघतं. आणि कारण कधी स्वतःच्या घरात सापडत नाही, ते शेजाऱ्याच्याच घरात सापडतं.

संस्कृती डावखुरी होती.

लग्नानंतर ती देवापुढं नारळाचं ताट ठेवायला आली तेव्हा मी तिथंच होते. ताट दोन्ही हातांत धरायचं हे तिला ठाऊक होतं, तसं तिनं धरलंही होतं. पण नारळ घरंगळला आणि तिनं तो डाव्या हातानं झेलून देवापुढं ठेवला. त्या वेळी कुणी चकार शब्द काढला नाही. उलट बाबू हसून म्हणाला, "सूनबाय चपळ हाय." आता मात्र तो नारळ सगळ्यांना आठवायला लागला. डाव्या हाताचा नारळ बाबूनं उचलला, म्हणून बाबूचा हात गेला. मग देव डावा झाला. सगळं कसं नीट जुळलं. बाबूचा डावा हात आजारानं आलेला, म्हणून तो माफ. पोरीचा जन्माचा, म्हणून तो गुन्हा. असला न्याय ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण आग एकटीची होती.

हळूहळू गंगुबाईच्या ओट्यावर चहाला कुणी बसेना. दारात कापलेलं लिंबू पडायला लागलं. नळावर संस्कृती आली की कळशा मागं सरकायच्या. पोरीला दिवस गेलेले, पोट दिसायला लागलेलं, आणि स्वरूपचं जहाज कुठं भर समुद्रात, फोन लागला तर लागला.

एका सकाळी मी कुंपणापलीकडे पाहिलं. संस्कृती मागच्या दारी मासे साफ करत होती. डावा हात तिनं ओढणीनं कमरेला बांधून टाकला होता आणि उजव्या हातात कोयती धरून ती खवलं काढत होती. बोटातून रक्त येत होतं.

"अगं, हे काय चालवलंयस?" मी ओरडले.

"सवय करतेय, बाई," ती म्हणाली. "जेवते उजव्यानं, लिहिते उजव्यानं. हे एवढंच राहिलंय. बाळ झाल्यावर त्याला कुठल्या हातानं धरू, ते पण लोक बघतील ना?"

मला तिथंच रडू आलं. मी कुंपण ओलांडून गेले आणि ती गाठ सोडली. गंगुबाई मागच्या पडवीत बसून तांदूळ निवडत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती सुनेला काही बोलली नव्हती आणि सुनेच्या बाजूनंही बोलत नव्हती.

गंगुबाईचं मन मला ठाऊक होतं. स्वरूप शाळेत होता तेव्हा तिचा नवरा रामा होडीसकट गेला. त्या दिवशी आभाळ काळं झालं होतं. हिनं त्याचे पाय धरले होते, नको जाऊ म्हणून. रामा म्हणाला, देवाला विचारतो. बाबूनं कळ्या लावल्या, कौल उजवा पडला, रामा गेला. होडीची फळीसुद्धा सापडली नाही. दुसरी कुणी असती तर वेडी झाली असती. गंगुबाई तेव्हापासून एकच वाक्य बोलत आली होती, "देवानं बोलावल्यान, मी कोन आडवनारी?" त्या वाक्यावर तिनं मुलगा वाढवला. ज्या देवाच्या शब्दावर नवऱ्याचं मरण सोसलं, तो देव सुनेच्या बाबतीत खोटा आहे असं ती कोणत्या तोंडानं म्हणणार?

श्रावण संपत आला तेव्हा सुजयनं देवळात बैठक बोलावली. सुजय म्हणजे गावचा मानकरी. मुंबईत एका हपिसात नोकरी करून आलेला, चाळिशीचा, शर्टाच्या खिशात दोन फोन. वाईट माणूस नव्हे. पण त्याच्या दोन होड्या किनाऱ्यावर पडून होत्या आणि खलाशी सोडून चालले होते. बायका खांबांच्या एका बाजूला बसल्या. संस्कृती गंगुबाईच्या मागं, पदर ओढून.

सुजयनं फोन काढला. "आमी आडानी नाय," तो म्हणाला. "मी ह्या सगळा वाचून आलोय. बाई, तुमी इंग्रजी शिकवलात. खरा सांगा, सिनिस्टर म्हंजे काय?"

मला काय चाललंय ते कळेना. "अशुभ," मी म्हटलं. "घातकी. ज्याच्या मनात काळंबेरं असल्याचा वास येतो तसं काही."

"आनी मुळात?"

आता कळलं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण सगळे फोनवाले, कुणीही बघितलं असतं.

"मुळात लॅटिन शब्द आहे," मी म्हटलं. "त्याचा अर्थ डावा."

देवळात कुजबुज झाली. सुजयनं मान डोलावली. "ऐकलात? सायबाच्या भाषेत पन ताच हाय. आमी सांगितला तर अंधश्रद्धा. सायब सांगतो तेवा?"

"अरे, पण पुढचं वाचलंस का?" मी उठून उभी राहिले. "त्याच रोमन लोकांत डावा आधी शुभ होता. त्यांचा पुजारी दक्षिणेकडे तोंड करून बसायचा. मग पूर्व त्याच्या डाव्या हाताला यायची, आणि पूर्वेकडनं आलेला पक्षी चांगला. ग्रीकांचे पुजारी उत्तरेकडे तोंड करायचे, त्यांच्या डावीकडे पश्चिम. पुढं रोमनांनी ग्रीकांचं ऐकलं आणि डावा वाईट ठरला. पक्षी तेच, आभाळ तेच. पुजारी कुठं तोंड करून बसला, एवढाच फरक!"

"म्हंजे शेवटी वाईटच ठरला ना?" सुजय म्हणाला, आणि लोक हसले. हसण्यात आनंद नव्हता. घाबरलेली माणसं कारण मिळालं की तसं हसतात.

ठरलं असं की पुढच्या सोमवारी कौल लावायचा. घरी येताना मला राग आला होता, आणि तो आपल्या भाषेवरही होता, कारण मराठी तरी कुठली धुतल्या तांदळासारखी? मुलीचं लग्न झालं की ती उजवली. मूल राहिलं की कूस उजवली. आणि एखाद्याला बाजूला सारायचं तर त्याला डावलायचं. पोरीची कूस उजवली होती आणि गाव तिला डावलायला बसलं होतं.

पण माझंच वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. पुजारी कुठं तोंड करून बसला.

संध्याकाळी मी देवळात गेले. बाबू पूजा करत होता. आमचा गाभारा एवढासा, गुरव पाषाणाच्या अगदी पुढ्यात बसतो, मागं सरकायला जागा नाही. मी दारात बसून त्याचा हात बघत राहिले. डाव्या हातानं तो आपल्या डावीकडे गंध लावायचा तेव्हा अंगठा नीट दाबून बसायचा. उजवीकडे मात्र हात आडवा न्यायला लागायचा, बोटांची टोकं कशीबशी टेकायची. ती बाजू देवाची डावी. म्हणजे तिथली कळी मुळातच सैल बसणार आणि आधी पडणार.

आणि हात उजवा असताना? तेव्हा सगळं याच्या उलट. म्हणून देव उजवा होता.

"बाबू," मी म्हटलं, "देव डावा नाही झाला. तुझा हात डावा झाला." आणि मी त्याला सगळं समजावलं.

बाबूनं समईची वात सारखी केली. मग म्हणाला, "उजवा पडत व्हता तवा कुनी इचारला नाय, का पडतो म्हनून."

"आता मी विचारतेय. अजिंक्यला बोलाव. त्याचा हात उजवा आहे. कौल उजवा पडला की होड्या सुटतील, पोरीच्या मागचं शुक्लकाष्ठ सुटेल."

"बोलवतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, रामाचा कौल मीच लावलेला."

मी त्याचं बोलणं कानाआड केलं. मला तेव्हा फक्त संस्कृती दिसत होती. अजिंक्य येणार, कळी पडणार, सगळं सुरळीत होणार. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

सोमवारी देऊळ गच्च भरलं होतं. बाहेर वारा पडलेला, माडाचं एक झाप हलत नव्हतं. अजिंक्य सोवळं नेसून गाभाऱ्यात बसला, त्याला घाम फुटला होता. बाबू बाहेर खांबाला टेकून बसला, उजवा हात मांडीवर ठेवून. अजिंक्यनं उजव्या हातानं कळ्या लावल्या. सुजय पुढं झाला आणि त्यानं हात जोडले.

"बा देवा गांगो, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" गाव ओरडलं.

"तुज्या गावात डावा पाऊल पडला, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"ता पाऊल आमी गावाभायर न्हेतो. पोरीला तिच्या म्हायेरी धाडतो, पुन्ना ह्या शिवेत आनीत नाय. तुला मान्य आसल तर उजवा दे, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

मी गृहीत धरलं होतं की होड्यांचा प्रश्न विचारतील. प्रश्न कोणता असणार ते मी विचारलंच नव्हतं. हात मी बदलला होता. प्रश्न सुजयच्या हातात होता. आणि आता जे काही विचारतील त्याला देव होच म्हणणार होता, कारण ती सोय मीच करून ठेवली होती.

"थांबा!" मी ओरडले. पण तेवढ्यात कळी पडली. देवाच्या उजव्या खांद्यावरची.

घंटा वाजली. म्हातारे रडायला लागले. किती महिन्यांनी देव उजवा बोलला होता! संस्कृतीनं दोन्ही हात पोटावर धरले. तिच्या शेजारी बसलेल्या बायका आपसूक बाजूला सरकल्या आणि तिच्याभोवती रिकामी फरशी दिसायला लागली.

मी माणसं ढकलत पुढं गेले. "हा देव नाही बोलला! हा अजिंक्यचा हात आहे! उजव्या हातानं लावल्या की उजवी पडते, डाव्यानं लावल्या की डावी. याच हातानं आता काहीही विचारा, उजवाच देईल!"

"बाई, गप ऱ्हावा," सुजय म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "देवळात हाव आपन. तुमच्यावर पन काय यायचा."

लोक माझ्याकडे बघत होते. या सगळ्यांना मी ओळखत होते, निम्म्यांच्या घरी मी जेवले होते, आणि त्या क्षणी त्यांतला एकही चेहरा माझ्या ओळखीचा वाटेना.

तेव्हा गंगुबाई उठली.

"काहीपन इचारा म्हनालात ना, बाई?" ती म्हणाली. "मग माजा पन इचारू दे."

"वैनी, कौल झाला," सुजय म्हणाला.

"माज्या घरचा मानूस ह्या कौलावर गेला. मला एक इचारायचा हक्क हाय." तिनं गाभाऱ्याच्या दाराशी जाऊन अजिंक्यकडे पाहिलं. "लाव रे. तशाच लाव."

विधवेच्या तोंडावर नाही म्हणायची छाती कुणाची झाली नाही. अजिंक्यनं पाषाण पुसला, नव्या कळ्या लावल्या. गंगुबाईनं हात जोडले. तिला गाऱ्हाणं घालायची रीत माहीत नव्हती, बाई माणसानं ते कधी घातलंच नव्हतं.

"देवा, सुनेला मी ठेवून घेतंय," ती म्हणाली. "तिच्या पोराला मी न्हाऊ घालीन. तुला मान्य आसल तर उजवा दे."

या वेळी 'होय म्हाराजा' कुणी म्हटलं नाही. सगळं देऊळ त्या दोन कळ्यांकडे बघत होतं. समईची ज्योत एवढीशी हलत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून देवाचा धावा केला, आणि कुठल्या तोंडानं केला ते माझं मला ठाऊक.

उजवी कळी घसरली, जरा अडकली आणि खाली पडली.

घंटा वाजवायला कुणी उठलं नाही. पोरीला हाकल, होय. पोरीला ठेव, होय. एका घटकेत देवानं दोन्हीला रुकार दिला होता. बाबू गुरव खांबाशी बसून रडत होता.

मला वाटलं, जिंकलो. मी संस्कृतीकडे वळले, तिला उठवायला हात दिला. आणि मग गंगुबाईचा चेहरा दिसला.

ती अजून गाभाऱ्याच्या दारात उभी होती. बाकीचं गाव सुनेच्या कौलापाशी अडलं होतं. ती एकटी मागं मागं जात त्या काळ्या आभाळाच्या सकाळपर्यंत पोचली होती.

ती सावकाश बाबूसमोर येऊन बसली. त्याच्या मांडीवरचा तो निर्जीव उजवा हात तिनं उचलला. उलटा करून तळवा पाहिला, बोटं पाहिली. एखादी हरवलेली वस्तू सापडल्यावर बघतात तसं तिनं बघितलं. मग हात जिथं होता तिथं परत ठेवला.

"वैनी," बाबू म्हणाला, "मी काय मुद्दाम..."

"नाय रे," ती म्हणाली. "तुजा काय चुकला नाय."

आम्ही तिघी घराकडे निघालो. वाटेत कुणी आडवं आलं नाही. किनाऱ्यावर आमच्या गावचे तांडेल होड्यांपाशी जमले होते, पण झावळ्या कुणी काढत नव्हतं. आता कुणाला विचारून निघायचं, ते त्यांना कळत नव्हतं. पश्चिमेकडे समुद्रावर ढग जमत होते. एकदा ते ढगांकडे बघायचे आणि एकदा देवळाकडे.

घराच्या पायरीशी संस्कृती सासूच्या पाया पडायला वाकली. गंगुबाईनं तिला मधेच धरलं आणि तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. "ह्याच हातानं चूल पेटव," ती म्हणाली. पोर आत गेली. मी पण निघाले, तर गंगुबाईनं मला हाक मारली.

"बाई, सून ऱ्हायली माजी. तुमच्यामुळा ऱ्हायली. पन एक सांगून जावा."

ती पायरीवर बसली होती, समुद्राकडे पाठ करून.

"इतकी वर्सा माज्या मानसाला देवानं न्हेला व्हता. आता कोनी न्हेल्यान?"